पडदे नवे, माणसं वजा

हवाई नियंत्रण कक्षातल्या क्रूंचं प्रशिक्षण ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

मा. महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपण कुठल्या हवाई दलाच्या प्रशिक्षण विभागात आहात की सिम्युलेटर खरेदीच्या समितीवर, याला या पत्रापुरतं महत्त्व नाही. रडारच्या पडद्यासमोर बसून लढाऊ विमानांना दिशा देणाऱ्यांनी कशावर, किती वेळ आणि कुणाबरोबर सराव करायचा, हे ज्यांच्या सहीनं ठरतं त्या सगळ्यांसाठी हे आहे. पत्र खुलं लिहिलं, कारण फायलीतून पाठवलेलं म्हणणं 'नोंद घेतली' या शेऱ्याखाली कुठं जाऊन पडतं, हे नोकरीत असताना पुरेसं पाहिलंय.

निमित्त असं. एका प्रशिक्षण केंद्रात (नाव घेत नाही, कारण हे एकाच केंद्राचं दुखणं नाही) नवा सिम्युलेटर आला. पडदे मोठे, चित्र स्वच्छ, नकाशा बोटानं सरकवावा तसा सरकतो. त्याच्या पाठोपाठ आदेश आला. सरावात वैमानिक होऊन रेडिओवर बोलणाऱ्यांची, म्हणजे आम्ही ज्यांना स्यूडो पायलट म्हणतो त्यांची पदं टप्प्याटप्प्यानं रद्द. त्यांच्या जागी संगणकानं तयार केलेले आवाज, ठरलेल्या पटकथेवर बोलणारे. शिवाय दिवसाला जास्त क्रू बसवता यावेत म्हणून सत्रानंतरचा डीब्रीफ, म्हणजे काय घडलं आणि कुठं चुकलं यावर बसून केलेली चर्चा, आखडता घेतला. अहवालात सरावाचे तास वाढलेले दिसतील, खर्च कमी झालेला दिसेल. सही करणाऱ्याला यात खटकण्यासारखं काही दिसणार नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते.

मी आधी कन्सोलवर, म्हणजे रडारच्या पडद्यासमोर, बसलो आणि नंतर बरीच वर्षं बसणाऱ्यांना शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं-मुली आज जमिनीवरच्या नियंत्रण कक्षांत आणि पाठीवर रडारची तबकडी घेऊन उडणाऱ्या विमानांतही कामावर आहेत. वैमानिकाच्या सिम्युलेटरबद्दल कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही. कॉकपिट हलतं, खिडकीत ढग दिसतात, पाहुण्यांना आत बसवून फोटोही काढता येतो. आमच्या खोलीत पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही नसतं. अर्धवट अंधारात काही माणसं बसलेली असतात. एक जण ठिपके शोधतो, एक जण ते कुणाचे हे ठरवतो, एक जण डेटा लिंक (विमानं आणि केंद्रं यांच्यात आपोआप माहिती वाहणारी जोडणी) सांभाळतो, दोघं-तिघं विमानांशी बोलत असतात आणि सगळ्यांच्या वर कक्षप्रमुख असतो. यांच्यातलं बोलणं बिघडलं तर आकाशातल्या सर्वोत्तम वैमानिकालाही चुकीच्या दिशेला पाठवलं जातं. सराव करायचा तो या बोलण्याचा, आणि आपण कात्री चालवलीत तीही यावरच.

स्यूडो पायलट काय करतो, हे फायलीत कुठं लिहिलेलं नसणार, म्हणून एक नेहमीचा प्रसंग सांगतो. शिकाऊ कंट्रोलरकडे विमानांच्या दोन जोड्या आहेत. पहिली जोडी समोरून येणाऱ्या लक्ष्याकडे वळलीय आणि तिचा म्होरक्या एकसारखं चित्र, म्हणजे समोर कोण कुठं आहे ते, मागतोय. मुलीचं सगळं लक्ष तिकडे. पलीकडच्या खोलीत हेडसेट लावून बसलेल्या स्यूडो पायलटच्या ध्यानात येतं, की हिनं दुसऱ्या जोडीचं इंधन बराच वेळ विचारलेलं नाही. मग तो पहिल्या वैमानिकाच्या वाक्याच्या शेपटीला चिकटून, हलक्या आवाजात, एकदाच म्हणतो, "टू, बिंगो." बिंगो म्हणजे तळावर परतण्यापुरतंच इंधन उरलं. तो पुन्हा बोलत नाही. आता तिनं ऐकलं का? तिनं नसेल ऐकलं, तर शेजारच्या कन्सोलवरच्यानं ऐकलं का, आणि ऐकून तिच्या खांद्याला हात लावला का? की 'तिनं ऐकलंच असेल' असं धरून तो गप्प राहिला? प्रशिक्षक मागे उभा राहून हेच पाहत असतो. तो शब्द कुठल्या क्षणी टाकायचा, हे तिच्या आवाजातली घाई ऐकून ठरतं, पटकथेत तो आधी लिहून ठेवता येत नाही. संगणकाचा आवाज बाराव्या मिनिटाला "बिंगो" म्हणेल, कारण बाराव्या मिनिटाला म्हणायचं ठरलंय. दुसऱ्या बॅचपासून मुलांना ते मिनिट पाठ झालेलं असतं.

यंत्राच्या आवाजावर माझा राग नाही, हेही सांगतो. नुकत्याच आलेल्या मुलाला संज्ञा तोंडात बसवायच्या असतात, एकच वाक्य शंभरदा म्हणायचं असतं. त्यासाठी माणूस जुंपणं ही उधळपट्टीच. रात्री एकट्यानं बसून घोकायला असे आवाज उत्तम. पण घोकंपट्टीचं साधन क्रूच्या परीक्षेला आणून बसवणं हा शुद्ध आळस आहे, आणि त्याला आधुनिकीकरण म्हणू नये.

आता डीब्रीफ. इथं थोडं मागे जावं लागेल, कारण जे आज कापलं जातंय ते कुठून आलं हेच विसरलं गेलंय. १९५२ साली अमेरिकेत रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या मानसशास्त्रज्ञांनी सांता मोनिकात हवाई संरक्षणाचं एक अख्खं नियंत्रण केंद्र प्रयोगशाळेत उभं केलं. खऱ्या रडारच्या पडद्याऐवजी गणनयंत्राकडून लांबच लांब कागदावर ठिपके छापून घेतले आणि तो कागद ऑपरेटरसमोर सरकवला. म्हणजे पडदा कागदाचा आणि माणसं, टेलिफोन, गोंधळ हे सगळं खरं. पहिल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थी बसवले होते. प्रत्येक सत्रानंतर त्यांना काय घडलं ते दाखवलं जाई आणि कुठं चुकलं यावर ते आपसांत बोलत. पोरं इतकी तरबेज झाली, की त्यांच्यापुढे टाकलेली विमानांची गर्दी त्यांना पुरेनाशी झाली. पुढच्या प्रयोगांत हवाई दलाचे खरे क्रू बसले. त्यातून जी पद्धत निघाली ती अमेरिकेच्या सगळ्या हवाई संरक्षण केंद्रांत गेली, आणि ते काम एवढं वाढलं, की १९५७ साली त्यासाठी सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही वेगळी संस्था काढावी लागली.

त्या कागदी रडारमागे अ‍ॅलन न्यूएल हा तरुण होता, जो पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संस्थापकांपैकी एक गणला गेला. आज त्याच शास्त्राचं नाव घेऊन आपण माणसं कमी करताय, आणि त्याच्याच प्रयोगशाळेनं सिद्ध केलेली गोष्ट, म्हणजे सत्रानंतरचं बोलणं, वेळापत्रकातून काढताय. योगायोग म्हणायचा.

१९८८ सालची गोष्ट तर आपल्या प्रत्येक अभ्यासक्रमात असते. ३ जुलैला 'व्हिन्सेन्स' या अमेरिकी युद्धनौकेनं बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराणी प्रवासी विमान पाडलं आणि २९० माणसं गेली. विमान वर चढत होतं. नौकेच्या यंत्रणेनं नोंदवलेल्या आकड्यांतही ते चढतच होतं. तरी नौकेच्या नियंत्रण खोलीतून कप्तानापर्यंत गेलेली खबर अशी, की ते खाली, आपल्या रोखानं येतंय. पडद्यावर बरोबर असलेली माहिती माणसांच्या साखळीतून जाताना उलटी झाली. त्यानंतर अमेरिकी नौदलानं ताणाखालच्या निर्णयांवर 'टॅडमस' हा संशोधन कार्यक्रम हाती घेतला. त्यातून आलेली डीब्रीफची पद्धत साधी आहे. माहिती दिली-घेतली कशी, बोललं कसं गेलं, एकमेकांना सांभाळलं का, पुढाकार कुणी घेतला, या चार बाजूंनी क्रूनंच स्वतःचं सत्र तपासायचं. प्रशिक्षकानं कमी बोलायचं. याला वेळ लागतो. पहिली दहा मिनिटं तर सगळे सभ्यपणे खोटं बोलत असतात, "चांगलं झालं सर" वगैरे. खरी गोष्ट बाहेर येते ती ध्वनिमुद्रण आणि पडद्याची नोंद एकत्र लावून "इथं थांबवा" असं कुणीतरी म्हणतं तेव्हा. आपल्या नव्या वेळापत्रकात डीब्रीफ सभ्यपणाच्या टप्प्यावरच संपतो.

तिसरी गोष्ट अख्ख्या क्रूची. सराव आजकाल व्यक्तिगणिक मोजला जातो. अमुक कंट्रोलरचे इतके तास, तमुक ऑपरेटरचे तितके. ज्याला ज्या दिवशी सवड त्यानं त्या दिवशी बसायचं, उरलेल्या खुर्च्या संगणक भरतो. एकेकट्यानं दोर ओढायचा सराव करून रस्सीखेचीला उतरल्यासारखं हे आहे. १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर दोन अमेरिकी एफ-१५ विमानांनी स्वतःच्याच लष्कराची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ जण ठार झाले. वर अ‍ॅवॅक्स हे उडतं रडार-नियंत्रण विमान होतं, आत पूर्ण क्रू होता. हेलिकॉप्टरं त्या क्रूच्या संपर्कात येऊन गेली होती. एक कंट्रोलर हेलिकॉप्टरांशी बोलला होता, दुसरा फायटरांशी बोलत होता. हेलिकॉप्टरांची रेडिओ वारंवारता वेगळी, ओळख-संकेत (विमान आपलं की परकं हे सांगणारा) त्या हवाई क्षेत्रासाठी चुकीचा, डोंगरांत शिरल्यावर पडद्यावरची खूण नाहीशी झालेली. ही आपली माणसं आहेत, हे कळायला लागणारी सगळी माहिती एकाच विमानाच्या पोटात होती. ज्याला सांगायला हवं होतं त्याला ती कुणी सांगितली नाही. त्या तैनातीतली त्या क्रूची ती पहिलीच मोहीम होती. यातल्या प्रत्येकाचे वैयक्तिक तास कागदावर भरलेले असतील, त्यानं काय फरक पडला?

आणि कक्षप्रमुख? तो तर सिम्युलेटरकडे फिरकतच नाही. त्याला बैठका असतात. त्याच्या खुर्चीत एखादा कनिष्ठ प्रशिक्षक बसतो आणि समजूतदार साहेबाची भूमिका करतो. न ओरडणारा, प्रश्न नीट विचारणारा, मुलांचं पूर्ण ऐकून घेणारा साहेब. असा साहेब भेटायची सवय झालेल्या मुलांना खऱ्या साहेबाला मध्येच तोडून "सर, ते विमान चढतंय" असं म्हणायची हिंमत कुठून येणार? नकार देण्याचा आणि नकार ऐकून घेण्याचा सराव दोघांनी एकत्र करायचा असतो.

चौथी तक्रार पटकथांची. त्या फार स्वच्छ आहेत. एका बाजूला आपले, दुसऱ्या बाजूला शत्रू, मधलं आकाश रिकामं. खऱ्या आकाशात प्रवासी विमानं असतात, वाट चुकलेलं छोटं विमान असतं, रेडिओवर कुणाशीच न बोलणारं आपलंच हेलिकॉप्टर असतं, ओळख-संकेत बंद ठेवून येणारा मित्र असतो. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामला भारतीय हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर स्वतःच्याच क्षेपणास्त्रानं पडलं. सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दल प्रमुखांनी ती मोठी चूक असल्याचं जाहीर सांगितलं. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणी क्षेपणास्त्रांनी पाडलं, १७६ जण गेले. दोन्ही वेळा लढाईचं वातावरण तापलेलं होतं आणि समोर दिसणारा ठिपका शत्रूचा नव्हता. नेमका हाच क्षण सरावात आणायला हवा: सगळे हल्ल्याची वाट पाहत असताना आलेला निरुपद्रवी ठिपका. असं सत्र 'काहीही न पाडता' संपतं, म्हणून ते गुणपत्रिकेत फिकं दिसतं. ज्या मुलानं गोळी झाडू दिली नाही, त्याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे?

पटकथा बदलावी म्हटलं तर घोडं कंत्राटावर अडतं. करारानुसार नवा प्रसंग पुरवठादार लिहिणार, त्याची वेगळी मागणी, वेगळं बिल, मंजुरीला वेगळी फाईल. परवाच्या मोहिमेत एखाद्या क्रूला जे भोगावं लागलं ते पुढच्या महिन्यात बाकीच्यांना सरावात भेटायला हवं. प्रत्यक्षात ते भेटेपर्यंत त्या क्रूच्या बदल्या झालेल्या असतात.

आणखी एक प्रकार सरावात जवळजवळ आणलाच जात नाही, तो म्हणजे काहीच न घडणं. पाळीचे तासन् तास रिकामा पडदा, जड झालेल्या पापण्या, आणि मग अचानक दोन मिनिटांत सगळं. सिम्युलेटरच्या तासाचा खर्च इतका, की त्यात रिकामं आकाश दाखवायला कुणाचा हात धजत नाही. हे अवघड आहे, मान्य. माझ्याकडेही याचं पक्कं उत्तर नाही. पण निदान एखादं सत्र लांब पाळीच्या शेवटी, थकलेल्या माणसांवर घ्या.

यंत्रावरच्या विश्वासाबद्दल थोडक्यात. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रांनी २३ मार्चला टॉर्नेडो हे ब्रिटिश लढाऊ विमान पाडलं, त्यातले दोघं गेले. २ एप्रिलला अमेरिकेचंच हॉर्नेट लढाऊ विमान पाडलं, त्याचा वैमानिक गेला. अमेरिकेच्या डिफेन्स सायन्स बोर्डानं नंतर नोंदवलं, की यंत्रणा बहुतांशी आपोआप चालणारी होती आणि ऑपरेटरांना शिकवण होती ती सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवण्याची. आता आपल्या सिम्युलेटरकडे पाहा. त्यात यंत्रणा कधी चुकते का? एखाद्या ठिपक्याला चुकीचं नाव चिकटतं का? लिंक अडखळते का, जुनी जागा नवी म्हणून दाखवते का? निर्दोष यंत्रासमोर शिकलेला माणूस सदोष यंत्रावरही तसाच विसंबणार.

राहता राहिला सराव आणि खरं यांच्यामधला पडदा. ९ नोव्हेंबर १९७९ ला नोरॅडच्या (अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त हवाई संरक्षण कमांडच्या) चालू यंत्रणेत सरावाची माहिती शिरली आणि पडद्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला दिसू लागला. खोटं असल्याचं कळेपर्यंत लढाऊ विमानं उडालीही होती. ११ सप्टेंबर २००१ ला त्याच्या उलट घडलं. अमेरिकेच्या ईशान्य हवाई संरक्षण विभागात सराव चालू असताना अपहरणाचा फोन आला, आणि पलीकडून पहिला प्रश्न विचारला गेला तो 'हे खरं की सराव' हाच. दोष त्या प्रश्नाचा नाही, तो विचारायलाच हवा. पण आता सरावाची जाळी खऱ्या कन्सोलांना जोडली जाताहेत. सराव थांबवून सेकंदांत खऱ्यावर कसं यायचं, हे किती क्रूंनी एकदा तरी करून पाहिलंय?

आमच्या मागण्या अशा. 'आमच्या' म्हणतो, कारण सेवेत असलेल्यांना सही करता येत नाही.

स्यूडो पायलटची पदं रद्द करणारा आदेश मागे घ्या. संगणकाचे आवाज प्राथमिक घोकंपट्टीपुरते ठेवा. क्रूची पात्रता ठरवणाऱ्या सत्रात रेडिओच्या पलीकडे माणूसच हवा, आणि शक्यतो स्वतः कन्सोलवर बसलेला.

डीब्रीफ हा सत्राचाच भाग धरा. तो झाला नाही तर त्या सत्राचे तास मोजू नका. त्यात कबूल केलेली चूक वार्षिक गोपनीय अहवालात जाणार नाही, हे लेखी द्या. हे एक वाक्य लिहून मिळालं तर त्या खोलीतलं बोलणं आठवडाभरात बदलेल.

मोहिमेवर जो क्रू एकत्र जाणार, तो आधी एकत्र बसेल, कक्षप्रमुखासकट. प्रमुख आला नाही तर क्रू पात्र धरू नये.

पटकथा लिहिण्याचा आणि बदलण्याचा अधिकार केंद्रातल्या प्रशिक्षकांकडे असू द्या. पुढच्या प्रत्येक करारात तशी अट घाला. प्रत्येक संचात प्रवासी विमानं, हेलिकॉप्टरं, चुकीचे ओळख-संकेत आणि बिघडलेली यंत्रणा असलीच पाहिजे, आणि 'गोळी न झाडणं' हे ज्याचं बरोबर उत्तर आहे असे प्रसंगही.

सरावातून खऱ्यावर येण्याची कवायत नियमित व्हावी, तीही आधी न सांगता.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवं यंत्र लागत नाही. पैसा लागतो तो माणसांच्या पगाराला, आणि तो आपण नुकताच वाचवला म्हणून जाहीर केलाय. तो परत तिथंच घाला.

या पत्राचं उत्तर खासगीत नको. कुठलीही गोपनीय बाब मी इथं लिहिलेली नाही, तेव्हा उत्तरही उघड देता येईल. मागणी मान्य नसेल तर कुठली आणि का, तेही सांगा. ज्या केंद्राच्या आदेशावरून हे लिहिलं, तिथल्या स्यूडो पायलटांना अजून कामावरून मोकळं केलेलं नाही. ते रोज येतात, हेडसेट लावतात आणि नव्या मुलांना घाम फोडतात. त्यांच्यापैकी कुणाला घरी पाठवण्याआधी एकदा त्यांच्या खोलीत बसून एक अख्खं सत्र ऐका.

आपला,
एक निवृत्त फायटर कंट्रोलर